गल्ल्यावर कोण बसतो?

(युवक शिबिरात ‘विद्यापीठाचा कारभार, शिकवणं आणि विद्यार्थ्यांची उद्योजकता’ या विषयावर केलेलं भाषण. बोलण्याची भाषा जवळपास तशीच ठेवली आहे.)



विषय देणाऱ्या साथींना माहीत होतं की मी मॅट्रिक आहे. विद्यापीठाची पायरी मी चढलो ती मोर्चात, आणि दोनदा कविता वाचायला. कविता झाल्यावर प्राध्यापकांनी चहा दिला आणि विचारलं, सध्या काय करता? म्हटलं, गोदीत आहे. ते म्हणाले, वा, अनुभवविश्व समृद्ध आहे. आता आठ तास लोखंडाच्या कॉइली हलवल्या की अनुभवविश्व किती समृद्ध होतं ते माझ्या कमरेला विचारा.

तर उद्योजक. गोदीत आम्हाला एकच उद्योजक माहीत आहे, ठेकेदार. माझा आजा डॉक लेबर बोर्डाचा कामगार. १९४८ च्या कायद्याने गोदी कामगाराला नोंदणी मिळाली, पाळीची हमी मिळाली, म्हातारपणी चार पैसे मिळाले. १९८९ ला न्हावा-शेवा सुरू झालं, डब्यांचा जमाना आला, १९९४ ला मुंबईचा बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झाला. आज मी ठेकेदाराच्या माणसाच्या फोनची वाट बघतो. आजा कायम, नातू कंत्राटी. ही आमच्या घरची प्रगती. तेव्हा उद्योजक हा शब्द ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो, आनंदाचा नव्हे.

पण काटा आला म्हणून विषय टाकून देता येत नाही. आपल्याच चळवळीत यावर दोन फळ्या आहेत. एक म्हणते, बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, मग पोरांना धंदा कसला शिकवता? दुसरी म्हणते, नोकऱ्या संपल्या, आरक्षणाची जागा भरत नाहीत, आता मागणारे नको, देणारे व्हा. २००५ ला पुण्यात दलित उद्योजकांचं चेंबर निघालं ते याच बोलीवर. मी दोघांच्याही मांडीवर बसणार नाही. पहिल्या फळीतल्या मित्रांच्या घरी महिन्याचा पगार येतो हे मी बघितलंय. दुसऱ्या फळीतल्या मित्रांच्या कारखान्यात कामगाराला किमान वेतन मिळतं का, हे मी अजून बघायचाय.

आपल्या परंपरेतला पहिला मोठा उद्योजक कोण? जोतीराव फुले. चकित होऊ नका. शाळा काढणारे फुले सगळ्यांना ठाऊक, पण ठेके घेणारे, धातू ओतायचे साचे विकणारे, पुण्याच्या आसपास सरकारी बांधकामांना माल आणि मजूर पुरवणारे फुले पाठ्यपुस्तकात नसतात. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं तेव्हा स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी दिली. समाजसुधारक वगैरे नाही. आणि त्या निवेदनात तक्रार काय? शेतकऱ्याच्या घामाच्या करातून वरच्या जातीची पोरं उच्च शिक्षण घेतात. आणि ते शिक्षण इतकं अव्यवहारी की त्यातून कारकून आणि मास्तर यापलीकडे काही निघत नाही. खालच्या शाळेत मोडी, बालबोध, हिशेब आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान द्या, असं ते सांगत होते. हिशेब, मित्रांनो! १८८२ ला हा माणूस हिशेब मागत होता. आज वस्तीतला बी.ए. झालेला पोरगा मुद्रा कर्जाचा अर्ज भरायला दलालाला पाचशे रुपये देतो.

हे असं का झालं? पोरगा ढ म्हणून नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. म्हणजे काय, तर विद्यापीठाने शिकवायचं नाही. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि कागद द्यायचा. हा कारभाराचा साचा. या साच्यात माणूस पाठांतर शिकतो, वेळेवर फी भरायला शिकतो, खिडकीसमोर उभं राहायला शिकतो. वरून आलेल्या प्रश्नाला खालून उत्तर देणं, एवढंच त्याच्या अंगवळणी पडतं. प्रश्न आपणच काढायचा, माणसं आपण जमवायची, चुकलं तर नुकसान आपण सोसायचं, हे कुठल्या पेपरात येतं? पुढे विद्यापीठाचे स्वतःचे विभाग निघाले, शिकवणं सुरू झालं. पण लाखो पोरांसाठी विद्यापीठ म्हणजे अजून परीक्षाच. आणि तीही नीट नाही. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका घाईघाईत संगणकावर तपासायला घेतल्या, निकाल महिनोन्महिने लटकले, शेवटी कुलगुरूंना खुर्ची सोडावी लागली. पोरांच्या पुढच्या प्रवेशांचं काय झालं, नोकऱ्यांचं काय झालं, ते कुठल्या ताळेबंदात दिसत नाही. ज्या संस्थेला आपला माल वेळेवर पोचवता येत नाही ती आम्हाला व्यवस्थापन शिकवते! गोदीत असा घोळ झाला असता तर जहाजाने तासाच्या हिशेबाने दंड लावला असता.

आता दुसरा मुद्दा, शिकवण्याचा. आजकाल वर्गात सांगतात की उद्योजकता हे कौशल्य आहे. धाडस, कल्पकता, नेतृत्व, संभाषण. हे अंगात आलं की झालं. मी याला एका माणसाचं उदाहरण देतो. कोलंबियातून अर्थशास्त्र शिकून आलेला. १९१७ ला बडोद्याची नोकरी सोडावी लागली, राहायला जागा मिळेना म्हणून. मुंबईत येऊन त्याने शेअर आणि गुंतवणुकीबद्दल सल्ला देणारी पेढी काढली. चालली. मग गिऱ्हाइकांना कळलं की सल्ला देणारा महार आहे. पेढी बंद पडली. सांगा आता, बाबासाहेबांच्या अंगात कुठलं कौशल्य कमी होतं? धाडस की कल्पकता?

मजा पुढेच आहे. नोव्हेंबर १९१८ ला तेच बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. हे कॉलेज १९१३ चं, धंदेवाल्यांच्या पोरांना व्यापार शिकवण्यासाठीच काढलेलं. तिथे सहकारी प्राध्यापकांनी पाण्याच्या सामायिक भांड्याला हात लावू नये म्हणून हरकत घेतली. म्हणजे याच्याकडून अर्थशास्त्र चालेल, पण पाणी बाटतं. १९२० पर्यंत त्यांनी तिथे शिकवलं, पैसे साठवले आणि लंडन गाठलं.

याच सुमारास कोल्हापुरात गंगाराम कांबळेंनी चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? शाहू महाराज तिथे गाडी थांबवून चहा प्यायचे आणि सोबतच्या सरदार-दरकदारांनाही पाजायचे. राजा प्याला म्हटल्यावर बाकीच्यांना नाही म्हणता येईना. हॉटेल चाललं. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. कोलंबियाचा पदवीधर बुडाला आणि चहावाला तरला. फरक कौशल्याचा नव्हता. गिऱ्हाईक कोणी आणून दिलं, हा फरक होता. बाजाराला जात असते, आणि ती मोडायला सत्तेला स्वतः येऊन चहा प्यावा लागतो. उद्योजकतेच्या कुठल्याही अभ्यासक्रमात गंगाराम कांबळेंचा धडा मला कोणी दाखवावा, मी त्याला गोदीच्या नाक्यावर चहा पाजीन.

हे जुनं झालं, असं कोणी म्हणेल. २००५ च्या आर्थिक गणनेत अनुसूचित जातींच्या मालकीचे उद्योग होते ९.८ टक्के, लोकसंख्या १६.४ टक्के. आणि ९.८ मध्ये पानाची टपरी, चप्पल शिवणारा, भाजीची पाटी सगळं आलं. वरच्या मजल्याचं ऐका. देशातल्या हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांची पाहणी २०१२ ला छापून आली. संचालकांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त वरच्या जातींचे. इतके धाडस आणि कल्पकता एकाच आळीत कशी काय जन्माला आली बुवा?

माझ्या बहिणीची गोष्ट थोडक्यात सांगतो. कॉलेजचं नाव घेत नाही, नाव घेण्याइतकं ते वेगळं नाही. तिथे उद्योजकता महोत्सव भरला. स्टॉलचं भाडं तीन हजार. आमची आई सुक्या बोंबलाची आणि जवळ्याची चटणी करून वस्तीत विकते. बहिणीने तेच मांडायचं ठरवलं. तिने हिशेब लिहिला, बोंबील ससून डॉकवरून कितीला, पावसाळ्याआधी किती भरून ठेवायचा, किती वाया जातो, उधारी किती, बुडीत किती. उधारीचा हिशेब तर असा की कुठल्या घरी कुठल्या तारखेला पगार होतो ते आईला तोंडपाठ. समितीने उत्तर दिलं, शाकाहारीच पदार्थ चालतील, वास येतो. मग दुसऱ्या फेरीत नुसती कल्पना सांगायची होती. बहीण मराठीत बोलली. परीक्षक म्हणाले, छान आहे, पण हे घरगुती वाटतं, यात स्केल कुठाय? बक्षीस मिळालं मोबाईलवरच्या एका अॅपला. अॅप तयार नव्हतं, नुसतं चित्र होतं. पोराच्या बापाचा वाड्याला कारखाना आहे. पोरगा वाईट नाही हो, त्याने बहिणीकडून चटणीची बरणी विकत घेतली. तेवढं एकच गिऱ्हाईक त्या महोत्सवात मिळालं.

यात शिकवणं काय झालं ते नीट बघा. आईला जे येतं त्याला धंदा म्हणायचं नाही, हे बहिणीला शिकवलं गेलं. आमची टोळी हॅचमध्ये माल लावते तेव्हा शेवटच्या बंदराचा माल तळाला, पहिल्या बंदराचा वर, जड खाली, हलकं वर, आणि जहाज एका अंगाला कलता कामा नये. हे मुकादमाला कोणी कागदावर शिकवलेलं नाही. हेच एखाद्या संस्थेत लॉजिस्टिक्स म्हणून लाखो रुपये घेऊन शिकवतात. ज्ञान आमचं, पदवी त्यांची.

आता कारभाराकडे या, कारण मला वाटतं खरी मेख तिथेच आहे. वेळापत्रक ही साधी गोष्ट वाटते. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम आहे. जो पोरगा पहाटे पेपर टाकतो, दुपारी डिलिव्हरी करतो, तो हजेरीत बसत नाही, त्याला परीक्षेला बसू देत नाहीत. म्हणजे प्रत्यक्ष धंद्यात जो आहे त्याला वर्गाबाहेर काढायचं आणि वर्गात बसलेल्याला धंदा शिकवायचा. १९४६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं तेव्हा वर्ग सकाळी लावले, नोकरी करणाऱ्याला शिकता यावं म्हणून. काय केलं? घड्याळ हलवलं. हजारो कारकून, गिरणीवाले, गोदीवाले त्या हललेल्या घड्याळातून आत शिरले. विद्यार्थी घडवण्यात कारभाराचा हात असतो तो असा. भाषणं नंतर.

आणि शिष्यवृत्ती. वर्ष सरतं, परीक्षा होते, तरी पैसे येत नाहीत. कॉलेज म्हणतं आधी फी भरा. उत्पन्नाचा दाखला मर्यादेच्या आत पाहिजे. म्हणजे घरात कोणी चार पैसे जास्त कमावले तर शिष्यवृत्ती गेली, आणि वर भाषण की कमवते व्हा! १६ जानेवारी २०१६ ला दिल्लीत विज्ञान भवनात स्टार्टअप इंडियाचा सोहळा झाला. दुसऱ्या दिवशी, १७ जानेवारीला, हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. वसतिगृहातून बाहेर काढलेल्या पाच जणांतला एक. आई शिवणकाम करून पोरं वाढवणारी. त्याच्या शेवटच्या चिठ्ठीत सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा हिशेब होता, एक लाख पंच्याहत्तर हजार. त्यातून एका मित्राचं देणं फेडायला त्याने सांगितलं होतं. मरताना उधारी चुकवणारा पोरगा. बँकेने याच्यापेक्षा चांगला कर्जदार कुठे बघितलाय? या दोन तारखा मी तुमच्यापुढे ठेवतो आणि पुढे जातो, यावर मला जास्त बोलवत नाही.

योजना नाहीत असं मी म्हणत नाही. २०१६ ला स्टँडअप इंडिया आली, प्रत्येक बँक शाखेने एका तरी अनुसूचित जाती-जमातीच्या आणि एका स्त्री कर्जदाराला दहा लाख ते एक कोटी द्यायचे. पण आधी स्वतःचा हिस्सा आणा, सुरुवातीला पंचवीस टक्के, नंतर पंधरा. दहा लाखाचे पंधरा टक्के दीड लाख. आमच्या चाळीत दीड लाख एकत्र फक्त लग्नात आणि आजारपणात दिसतात, तेही उसने. २०२० ला आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन निघालं. चार वर्षांत हजार पोरं शोधायची, निवडलेल्याला तीन वर्षांत तीस लाखांपर्यंत भांडवल. नाव बाबासाहेबांचं, रक्कम चांगली. पण वाट जाते उच्च शिक्षण संस्थांतल्या इन्क्युबेटरमधून. ज्याच्या कॉलेजात इन्क्युबेटर सोडा, मुलींचं संडास धड नाही, त्याने कुठल्या दारातून जायचं? महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात तर नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य असं एक मंडळच आहे. तुमच्यापैकी किती जणांनी त्याचं दार बघितलंय? हात वर करा. बरं. एवढे बस्स.

मग विद्यापीठातून कधीच काही चांगलं निघत नाही का? निघालंय. ते सांगायलाच मी आलोय खरं तर.

पुण्यात १९९० च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागातली माणसं कचरा वेचणाऱ्या बायकांच्या वस्तीत गेली. शिकवायला गेली, आणि बायकांनी त्यांना शिकवलं. कचराकुंडीत हात घालून जो कागद, काच, पत्रा निघतो त्यावर घरं चालतात, शहराचा पैसा वाचतो, आणि या बायकांना पोलीस चोर म्हणून पकडतात. या बायका बहुतेक आपल्याच. विभागाने वर्ग भरवून प्रमाणपत्र वाटली नाहीत. त्यांनी घरोघर जाऊन लोकांना सांगितलं, ओला-सुका वेगळा करा आणि बाईच्या हातात द्या. मग शेजारच्या भागात एका धंदेवाल्याने गाडी फिरवून तोच कचरा उचलायला सुरुवात केली. उद्योजक! बायका आडव्या गेल्या. विद्यापीठाची माणसं त्यांच्या बाजूला उभी राहिली. १९९३ साली बाबा आढावांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. ओळखपत्रं मिळाली, पुढे महापालिकेनेही ती मान्य केली. त्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ ला पुणे महापालिकेशी करार झाला. आज तीन हजारांवर माणसं त्यात आहेत. करार संपत आला की दर वेळी मोठ्या ठेकेदारांचे डोळे लागतात, दर वेळी मोर्चा काढावा लागतो. सगळं गोड नाही. पण कचऱ्यावर हक्क कोणाचा, दर कोणी ठरवायचा, गिऱ्हाइकाकडून पैसे कोणी घ्यायचे, हे ज्या बाईने ठरवलं ती अंगठा उठवणारी होती. आणि तिला तिथवर जायला एका विद्यापीठाच्या विभागाने आपलं नाव, आपला वेळ, आपली वट वापरू दिली. शाहू महाराजांच्या चहासारखंच हे काम.

त्याच पुण्यात हमाल पंचायतीने १९७४ ला ‘कष्टाची भाकर’ काढली. हमालाला स्वस्तात पोटभर जेवण, चालवणारे हमालच. त्याला कुठल्या विद्यापीठाची गरज पडली नाही. आमच्या गोदीच्या नाक्यावर आम्ही असं काही का काढू नये, असं मी टोळीत बोलतो तेव्हा लोक म्हणतात, आधी कविता कमी कर.

कोणी म्हणेल, आमच्याकडे ‘कमवा व शिका’ आहे. आहे ना. भाऊराव पाटलांनी १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं, सगळ्या जातीची पोरं एकत्र राबली, एकत्र जेवली, शेत पिकवलं. तिथे श्रमाला आणि जातीला एकदम हात घातला होता. आज बहुतेक विद्यापीठांत त्या योजनेचं काय उरलंय? पोरगा बागेला पाणी घालतो, फायली उचलतो, ग्रंथालयात धूळ झटकतो, तासाचे पैसे घेतो. पोटाला आधार होतो, मी नाकारत नाही. पण बागेचा ठेका कोणाला, किती रुपयांचा, हे त्याला कोणी सांगत नाही. कमवा व शिका, पण हिशेब बघू नका. यातून हमाल तयार होतो, आणि हमाल आम्ही पुष्कळ आहोत.

माझं म्हणणं त्यामुळे अगदी कोरडं आहे. कॉलेजचं कँटीन, झेरॉक्स, वसतिगृहाची मेस, गणवेश, सायकल स्टँड, कार्यक्रमाचा मंडप, परीक्षेची स्टेशनरी. विद्यापीठ हा स्वतः मोठा बाजार आहे आणि या बाजाराचं गिऱ्हाईक तुम्ही. गल्ल्यावर कोण बसतो? कोणाचा मेहुणा? ही कामं विद्यार्थ्यांच्या सहकारी संस्थांना द्या. पहिली दोन वर्षं नुकसान झालं तर संस्थेने सोसावं, ते शिकण्याच्या खर्चात धरावं. हिशेब भिंतीवर लावावा. त्यात राबणाऱ्याची हजेरी लागावी. आणि पगार किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये, नाहीतर आपण आपलाच ठेकेदार तयार करू, आणि त्याच्या घरात बाबासाहेबांचा फोटो असला तरी माझ्या कमरेला तो ठेकेदारच लागेल.

हे मागायचं कुठे, तर तिथेही कुलूप आहे. १९९४ च्या कायद्याने विद्यार्थ्यांच्या खुल्या निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या कायद्यात त्या परत आल्या, २०१९ ला तारखा लागल्या आणि पुढे ढकलल्या. ज्या पोराला वर्गाचा प्रतिनिधी निवडायची मुभा नाही त्याला नेतृत्वगुणाचं प्रमाणपत्र मात्र मिळतं. म्हणून निवडणुकीची मागणी आणि कँटीनची मागणी एकाच कागदावर लिहायची.

आता शिबिराच्या संयोजकांशी माझं बोलणं झालंय. दुपारच्या जेवणानंतर प्रत्येक कॉलेजातल्या दोघांनी एक अर्ज लिहायचा. माहितीच्या अधिकाराखाली, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. गेल्या पाच वर्षांत कँटीन, मेस आणि झेरॉक्सचे ठेके कोणाला दिले, निविदा कधी निघाली, भाडं किती, मागासवर्गीयांची शिष्यवृत्ती कोणत्या तारखेला आली आणि पोरांच्या खात्यात कोणत्या तारखेला पडली. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. स्टॅम्प मी आणलेत, चाळीस आहेत. कमी पडले तर सांगा, माझी उद्या पाळी नाही.